सापाची काटकसर

पावसाळ्यापूर्वी सरपणाची रास हलवताना किंवा गोठ्यामागचे दगड उचलताना पुष्कळदा सापाची कात हाती लागते. ती टाकून न देता उजेडात धरून पाहावी. पायातला मोजा उलटा काढावा तशी ती तोंडाकडून शेपटीकडे उलटत निघालेली असते आणि ताणली गेल्यामुळे मूळ सापाहून थोडी लांबच भरते. डोक्याचा भाग अलगद उलगडला, तर डोळ्यांच्या जागी भोके नसून भिंगासारख्या दोन पारदर्शक चकत्या दिसतात. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसलेला असतो आणि प्रत्येक कातीबरोबर तोही नवा होतो. कात टाकण्याच्या काही दिवस आधी जुन्या आणि नव्या त्वचेच्या मध्ये द्रव साठतो, डोळे निळसर-दुधी दिसू लागतात आणि सापाला धड दिसेनासे होते. म्हणून त्या दिवसांत तो सहसा दडून राहतो आणि कोणी डिवचलेच तर एरवीपेक्षा लवकर चिडतो.

साप दूध पितो का, पुंगीवर डोलतो का, डूख धरतो का, माणसाच्या मागे लागतो का, हे प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारले जातात. उत्तरे सुटी सुटी देता येतात. पण सापाचे सारे जगणे ऊर्जेच्या काटकसरीवर उभे आहे हे एकदा ध्यानात आले, की बहुतेक उत्तरे आपोआप सापडतात. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग शरीर एका ठरावीक तापमानाला राखण्यात खर्ची पडतो. साप तो खर्च करीतच नाही. ऊब हवी असेल तेव्हा तो उन्हात येतो आणि ताप वाढला की बिळात किंवा सावलीत जातो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने त्याला अगदी थोडे अन्न पुरते आणि मोठा अजगर एका भरपेट शिकारीवर कित्येक आठवडे काढू शकतो.

ही काटकसर सापाच्या आतड्यापर्यंत पोहोचलेली आहे. पोट रिकामे असताना अजगराची पचनसंस्था जवळजवळ मिटलेल्या दुकानासारखी असते. आतड्याचे अस्तर आक्रसते आणि अवयवांचा कारभार मंदावतो. भक्ष्य गिळले, की सगळे एकदम जागे होते. ब्रह्मी अजगरावरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की भक्ष्य गिळल्यानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या जवनिकेचे, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचे, वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि पचन संपले की ते पुन्हा पूर्वीच्या मापावर येते. गरज असेल तेव्हाच अवयव वाढवायचा आणि एरवी त्याचा खर्च टाळायचा, ही युक्ती मला सापांच्या शरीरातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

गिळताना सापाचा जबडा निखळतो, असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. त्याच्या खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीपाशी आपल्यासारखी जुळलेली नसतात; लवचीक स्नायुबंधाने बांधलेली असल्यामुळे ती एकमेकांपासून दूर सरकू शकतात. डावी बाजू पुढे, मग उजवी बाजू पुढे, असे करीत साप भक्ष्यावर अक्षरशः चालत जातो. तोंड पूर्ण भरलेले असताना गुदमरू नये म्हणून श्वासनलिकेचे टोक नळीसारखे बाहेर काढण्याची सोयही त्याच्याकडे आहे.

जातीगणिक आहार वेगळा असतो. धामण उंदरांवर आणि बेडकांवर जगते, दिवड पाण्यातले मासे आणि बेडूक खातो, मण्यार दुसरे साप खाते, तर कुंडीतल्या मातीत सापडणारा गांडुळाएवढा वाळा मुंग्यांची आणि वाळवीची अंडी व अळ्या खातो. (वाळ्याच्या सगळ्या ज्ञात व्यक्ती माद्याच आहेत, नराविनाच त्यांची वीण होते.) या शतकाच्या आरंभी विदर्भातून पुन्हा नोंदवला गेलेला भारतीय अंडीखाऊ साप तर पक्ष्यांची अंडी सगळीच्या सगळी गिळतो आणि मणक्यांपासून घशात उतरलेल्या काट्यांनी ती आतल्या आत फोडतो. या सगळ्या यादीत दूध कुठेच नाही. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न आहे आणि सापाला ते पचत नाही. गारुड्याने कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल त्या द्रवात तोंड घालतो, इतकेच. धामण गाईच्या पायांना विळखा घालून सड चोखते ही समजूतही अशीच आहे. चोखण्यासाठी लागणारे मांसल ओठ तिला नाहीत, उलट आत वळलेले अणकुचीदार दात मात्र आहेत, आणि ते सडात रुतले तर कोणती गाय शांत उभी राहील? धामण गोठ्यात येते ती पेंडीवर जमणाऱ्या उंदरांसाठी.

पुंगीचा प्रश्नही असाच सोपा आहे. सापाला बाहेरचा कान आणि कानाचा पडदा नसतो. तरी तो ठार बहिरा नाही. जमिनीतली कंपने आणि हवेतले खालच्या पट्टीतले काही आवाज जबड्याच्या हाडांमार्फत त्याच्या अंतर्कर्णापर्यंत जातात. पण गारुड्यासमोर तो डोलतो ते हलणाऱ्या पुंगीच्या टोकावर नजर ठेवण्यासाठी, कारण त्याच्या दृष्टीने ती धोक्याची वस्तू असते. बाहेरच्या जगाची खरी खबर त्याला जिभेतून मिळते. दुभंगलेल्या जिभेची टोके हवेतले आणि जमिनीवरचे गंधकण टिपतात आणि टाळूतल्या विशेष ज्ञानेंद्रियाकडे पोहोचवतात. मीलनाच्या काळात नर मादीच्या गंधाचा माग याच जिभेने काढतो. एखाद्या जागी मादी मारली गेली आणि पाठोपाठ दुसरा साप तिथे दिसला, तर त्याचा उगम या गंधात शोधावा. माणसाचा चेहरा लक्षात ठेवून वर्षांनी सूड घेण्याइतकी स्मृती आणि भावना सापाच्या मेंदूत नाही. तसेच उभे राहून एकमेकांना पीळ घालणारे दोन साप दिसले, की नाग आणि धामण यांचे मीलन चालले आहे असे समजून लोक त्यांच्यावर कोरे वस्त्र टाकतात. ते बहुतेक वेळा मादीवरून झुंजणारे धामणीचे दोन नर असतात. धामण ही स्वतंत्र जात आहे, नागाची मादी नव्हे.

आता विषाकडे येऊ. विषग्रंथी ही मुळात बदललेली लाळग्रंथी आहे आणि विष म्हणजे प्रथिनांचे व विकरांचे दाट मिश्रण आहे. भक्ष्य लवकर निपचित व्हावे, झटापटीत स्वतःला इजा होऊ नये आणि पचनालाही हातभार लागावा, यासाठी ते आहे. ते तयार करायला सापाला अन्न आणि वेळ खर्ची घालावा लागतो, आणि जो प्राणी आपल्याला गिळताच येणार नाही त्याच्यावर ते उधळण्यात सापाचा काहीच लाभ नाही. म्हणूनच नाग आधी फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार सोडते, आणि फुरसे आपल्या वेटोळ्यांवरचे करवती खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. हे सगळे इशारे दंश टाळण्यासाठी असतात. विषारी सापाच्या काही दंशांत तर विष उतरतच नाही. त्यांना कोरडे दंश म्हणतात. बिनविषारी सापांचे दंश आणि हे कोरडे दंश मिळून जी माणसे आपोआप बरी होतात, त्यांचे श्रेय मांत्रिकाच्या पदरात पडते, आणि त्या श्रेयावर विसंबून पुढचा रुग्ण त्याच्याकडे नेला जातो. सर्पदंशाच्या बाबतीत याहून घातक चूक मला दुसरी दिसत नाही.

भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत, परंतु बहुतांश मृत्यूंना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारच साप कारण ठरतात. त्यांचे विष दोन निरनिराळ्या वाटांनी काम करते. नागाच्या विषातले रेणू स्नायूंवरचे संदेश घेणारे ग्राहक अडवून धरतात. मण्यारीच्या विषाचा महत्त्वाचा घटक संदेश पाठवणारी चेतातंतूंची टोकेच निकामी करतो. दोन्हींत पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. परंतु मण्यारीने निकामी केलेली टोके पुन्हा वाढायला दिवस लागत असल्यामुळे तिच्या रुग्णाला अनेकदा दीर्घकाळ कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चालते. ते रक्त गोठवणाऱ्या घटकांना एकदम कामाला लावून संपवून टाकते आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त वाहू लागते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

हे ओळखण्याची एक चाचणी इतकी साधी आहे, की ती लहानशा ग्रामीण रुग्णालयातही होते. रुग्णाचे २ मिलिलिटर रक्त नव्या, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेतात, ती २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग हळूच तिरपी करतात. रक्त गोठलेले नसेल तर विष रक्तात उतरले आहे असे समजून उपचार सुरू करतात. नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल तर चाचणी फसू शकते, म्हणून ती नवी लागते.

उपचार एकच आहे, तो म्हणजे प्रतिविष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी सुरू केलेली पद्धत आजही मूलतः तीच आहे: घोड्याला विषाच्या लहान मात्रा वाढवत टोचायच्या आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढायची. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात याच कामाशी जोडलेले आहे. भारतातले प्रतिविष वरच्या चार सापांसाठी बनवलेले असते; सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याच्या विषावर ते चालत नाही. सुदैवाने चापड्याचा दंश सहसा प्राणघातक नसतो, पण वेदना आणि सूज फार येते. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून ठेवते, झालेली हानी मात्र परत भरून काढत नाही. म्हणून मधला प्रत्येक तास मोलाचा असतो. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, तोंडाने विष ओढणे, साप पकडून बरोबर नेण्यासाठी वेळ घालवणे, यांनी नुकसानच होते. दंश झालेला अवयव न हलवता, रुग्णाला न चालवता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन रुग्णालय गाठावे. अंगठी, बांगड्या आणि घट्ट कपडे सूज येण्याआधी काढावेत.

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतले बहुसंख्य ग्रामीण भागातले होते आणि जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते. पेरणी, भातलावणी आणि निंदणी यांचे हेच दिवस असतात. बिळांत पाणी शिरते, उंदीर आणि बेडूक घराजवळ येतात आणि त्यांच्यामागे साप येतो.

या चौघांत मण्यारीविषयी वेगळे सांगायला हवे. ती रात्री हिंडते, दिवसा पुष्कळशी सुस्त असते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असल्यामुळे दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो, कधी खूण दिसतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घरच्यांना ते खाण्यातले वाटते, आणि उजाडेपर्यंत पापण्या उघडेनाशा होतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर दंशाची खूण शोधत न बसता रुग्णालयाकडे निघावे. घरात दिसणारा बिनविषारी कवड्या साप पुष्कळदा मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. अर्थात हे दुरून, विजेरीच्या उजेडात पाहण्यापुरते ठीक आहे. साप हाताळण्याचे काम प्रशिक्षित सर्पमित्राचे. घरात खाट असेल तर खाटेवर झोपावे, नसेल तर अंथरुणावर मच्छरदाणी लावावी आणि तिची कड गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचावी, कारण मण्यार आत शिरते ती तिथूनच.