टेबलाची उंची कोपराने ठरवा

जेवणाचं टेबल असो की अभ्यासाचं, उंची बहुधा 75 सेंटिमीटरच्या आसपास असते. जेवायला, हाताने लिहायला ती बरी; तासन्‌तास कीबोर्ड चालवायला मात्र अनेकांना जास्त पडते. कोपर टेबलाच्या खाली राहिलं की हात वर आणायला खांदे उचलावे लागतात आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर ताणात राहतो. संध्याकाळी मान धरली की आपण खुर्ची बदलायला निघतो. आधी टेबल मोजा.

पावलं जमिनीवर सपाट टेकवून ताठ बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून कीबोर्डची दोन-तीन सेंटिमीटर जाडी वजा केली की टेबलाची उंची मिळते.

समजा ती 64 आली आणि टेबल 75 चं आहे. लाकडी पाय 11 सेंटिमीटर कापून घेणं हा पक्का उपाय. खुणा वरच्या फळीपासून मोजून करा, कारण जुने पाय खालून कमीजास्त झिजलेले असतात. फळीखाली ड्रॉवर असेल तर तो आधी काढावा लागेल, नाहीतर मांड्या अडकतील. पाय कापायचे नसतील तर खुर्ची 11 सेंटिमीटर वर घ्या आणि पायांखाली तेवढ्याच उंचीचा भक्कम पाट ठेवा. पाट विसरलात तर पावलं लोंबकळतात, खुर्चीची कड मांडीखाली रुतते आणि पायांना मुंग्या येतात.

लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात सुखात असले की मान वाकते. वेगळा कीबोर्ड घेऊन लॅपटॉप उचला: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर साधारण हातभर. अभ्यासाचं टेबल 45 सेंटिमीटरच खोल असेल तर हे अंतर मिळत नाही. अशा वेळी टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढून मॉनिटर भिंतीवरच्या ब्रॅकेटवर बसवावा.

आता फळी. मधोमध वजन ठेवलं तर फळीचा झोल लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो. 120 ऐवजी 150 सेंटिमीटर लांबी घेतलीत तर तेवढ्याच वजनाखाली झोल जवळपास दुप्पट. जाडीचा हिशेब याच्या उलट: जाडी दुप्पट, तर झोल एक अष्टमांश. पण 18 मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे नुसते एकावर एक ठेवले तर झोल फक्त निम्मा होतो, कारण वाकताना ते एकमेकांवरून सरकतात, वही वाकवताना पानं सरकतात तसे. हे सरकणं थांबवायचं असेल तर पूर्ण पृष्ठभागाला फेव्हिकॉल लावा, कडांनाच नको, आणि वाळेपर्यंत खालून 30 मिलिमीटरचे स्क्रू मारून दाब द्या. त्याहून लांब स्क्रू 36 मिलिमीटरच्या फळीतून वर डोकावण्याचा धोका असतो. कमी खर्चात काम भागवायचं तर मागच्या बाजूला, गुडघे लागणार नाहीत अशी, 10 सेंटिमीटर रुंदीची पट्टी फळीखाली लांबीभर, कडेवर उभी ठोका. तीच पट्टी दोन्ही पायांनाही घट्ट जोडली तर टेबलाचं डावं-उजवं हलणंही कमी होतं.

पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी असेल तर मॉनिटर धरणाऱ्या आर्मचा क्लॅम्प (टेबलाच्या कडेला बसणारी पकड) थेट आवळू नका. बोर्ड दबून चुरा होतो. वर आणि खाली प्लायचा तळहाताएवढा तुकडा घालून दाब पसरवा. वायरींसाठी पाडलेल्या भोकाची आतली कडही वॉर्निशचे दोन हात देऊन बंद करा. पावसाळ्यात बोर्ड फुगायला तिथूनच सुरुवात होते.