गणपतराव देशमुख : विधिमंडळातील कारकीर्द

गणपतराव देशमुख (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१) : सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते. तालुक्यात त्यांना सगळे ‘आबासाहेब’ म्हणत. १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा अकरा निवडणुका त्यांनी जिंकल्या. १९७२ आणि १९९५ या दोन हरल्या. सगळ्या निवडणुका एकाच पक्षाकडून आणि एकाच मतदारसंघातून लढवल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते प्रथम सभागृहात आले आणि देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना आमदार म्हणून निवृत्त झाले.

हा देशातला विक्रम असल्याचे अनेकदा छापून येते. तसे म्हणता येत नाही. तमिळनाडूत एम. करुणानिधी आणि केरळात के. एम. मणी हे प्रत्येकी तेरा वेळा निवडून आले. करुणानिधींनी मतदारसंघ अनेकदा बदलले, मणी मात्र पाला या एकाच मतदारसंघाचे राहिले. महाराष्ट्रात गणपतरावांच्या जवळपास पोहोचणारे फार थोडे. तरीही त्यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी ठरते ती या आकड्यामुळे नव्हे. सुमारे पन्नास वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद त्यांच्याकडे दोनदाच आले आणि दोन्ही वेळा ते अल्पकाळ टिकले. बाकी सगळा काळ विरोधी बाकांवर गेला. सत्ता नसलेला आमदार आपल्या तालुक्यासाठी काय करू शकतो आणि त्याचे हात कुठे तोकडे पडतात, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कारकिर्दीत दिसतात.

पार्श्वभूमी

गणपतरावांचा जन्म मोहोळ तालुक्यातील पेनूरचा. कायद्याचे शिक्षण पुण्यात झाले आणि वकिलीसाठी त्यांनी सांगोला निवडले. विद्यार्थिदशेतच ते शंकरराव मोरे यांच्या विचारांकडे ओढले गेले. काँग्रेसमध्ये शेतकरी-कामगारांचे ऐकले जात नाही अशी भावना झालेल्या मोरे, केशवराव जेधे आदी नेत्यांनी १९४७ साली शेकापची उभारणी केली. मार्क्सवादाची मांडणी आणि सत्यशोधक चळवळीचा वारसा हे दोन्ही घेऊन चालणारा हा पक्ष संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आघाडीवर होता. राज्य मिळाल्यानंतर मात्र त्याचे बरेच पुढारी एकेक करून काँग्रेसमध्ये गेले. जे राहिले त्यांच्यापैकी गणपतराव एक.

सांगोला हा माणदेशातला तालुका. पश्चिमेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि दक्षिणेला जत हे तितकेच कोरडे शेजारी. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. खिलार जनावरे, मेंढरे, ज्वारी-बाजरी आणि अलीकडच्या दशकांत डाळिंब यांवर इथले अर्थकारण उभे आहे. सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. दुष्काळाच्या वर्षी कोणत्या भावाने किती जनावरे विकली जातात, यावरून गावांची हालत तिथे उभ्या उभ्या कळते. ऊस आणि साखर कारखाना ही पश्चिम महाराष्ट्रातल्या आमदारकीची नेहमीची बैठक. ती इथे आयती मिळण्यासारखी नव्हती.

पहिली दोन दशके

१९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेकापचे पंधरा आमदार आले, त्यांत पस्तिशीतले गणपतराव होते. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटील यांनी त्यांचा पराभव केला आणि राज्यभरात शेकापचे बळ सातवर आले. त्याच वर्षी महाराष्ट्राने शतकातला सर्वांत भीषण दुष्काळ पाहिला. म्हणजे सांगोल्याला आवाजाची सर्वाधिक गरज होती तेव्हा गणपतराव सभागृहाबाहेर होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परतले आणि त्यानंतर १९९५ पर्यंत त्यांना कोणी हरवू शकले नाही.

या काळातला सर्वांत महत्त्वाचा धागा रोजगार हमीचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील विसापूरला १९६५ साली छोट्या प्रमाणावर सुरू झालेला प्रयोग दुष्काळात राज्यभर पोहोचला आणि १९७७ साली त्याला कायद्याचे रूप मिळाले. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक करणारा हा कायदा तीन दशकांनंतर केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याला पायाभूत ठरला. जुलै १९७७ पासून पुढच्या निवडणुकीपर्यंत गणपतराव विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अमलात आला तेव्हा ते मंत्रिमंडळात होते. शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात जुलै १९७८ पासून शेकाप सामील होता आणि पक्षाकडून एन. डी. पाटील व गणपतराव मंत्री झाले होते. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले.

रोजगार हमी सांगोल्याच्या राजकारणाच्या मुळाशी का गेली, हे गावातून पाहिले की समजते. दुष्काळात पाझर तलावाच्या किंवा रस्त्याच्या कामावर मजूर येतात. हजेरीपत्रक भरले जाते. मोजमाप घेणारा वेळेवर येत नाही, मग पगार पंधरवडा-महिना लांबतो. ‘काम काढा’ आणि ‘पगार काढा’ या दोन मागण्या घेऊन माणसे आमदाराकडे येतात. काम तहसीलदाराने काढायचे, मोजायचे पाटबंधारे किंवा बांधकाम खात्याने. विरोधी आमदाराच्या हाती या दोघांपैकी कोणीच नसतो. त्याच्या हाती प्रश्न असतो : तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), अर्थसंकल्पावरची कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात सुचवून त्यावर चर्चा घडवणारी). गणपतरावांनी ही आयुधे आयुष्यभर वापरली. सभागृहात वेळेवर येणे, शेवटपर्यंत बसणे आणि विधेयक वाचून बोलणे यासाठी त्यांचे नाव सर्वपक्षीय आदराने घेतले जाई. नियमांच्या अडचणीत जुने सदस्यही त्यांच्याकडे पाहत.

पाण्याचा लढा

गणपतरावांच्या कारकिर्दीतला सर्वांत भरीव भाग पाण्याचा आहे आणि तो सभागृहापेक्षा सभागृहाबाहेर अधिक घडला. कृष्णा पाणी तंटा लवादाने (बच्छावत लवाद) १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठरवले. पाणी कागदावर मिळाले, पण ते अडवायला धरणे आणि वर उचलायला योजना हव्या होत्या. कृष्णा खोऱ्यातली कालव्याखालची गावे उसाने हिरवी झाली. त्याच खोऱ्यातले खानापूर, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, माण, खटाव हे तालुके मात्र टँकरवर राहिले. जमीन उंचावर असल्यामुळे पाणी तिथे आपोआप जात नाही, उपसावे लागते. उपसा म्हणजे पंप, वीज आणि दरवर्षीचा खर्च. हा खर्च कोणी करायचा, हाच खरा राजकीय प्रश्न होता.

१९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात लढलेले नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव ही या चळवळीतली ठळक नावे. तेरा दुष्काळी तालुक्यांची ही चळवळ केवळ ‘आम्हालाही पाणी द्या’ एवढेच मागत नव्हती. समन्यायी वाटप ही तिची मांडणी होती : जमीन किती आहे हे न पाहता प्रत्येक कुटुंबाला जगण्यापुरते पाणी हक्काने मिळावे आणि थोड्या शेतांना भरपूर पाणी देण्याऐवजी सगळ्या शिवाराला थोडे-थोडे पोहोचावे. परिषदा दरवर्षी भरत राहिल्या, मोर्चे निघाले, मुख्यमंत्र्यांसोबत बैठका झाल्या. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रोख्यांतून पैसा उभा राहू लागला. त्यामागे लवादाची २००० ची मुदत होतीच (तोवर न अडवलेले पाणी फेरविचारात हातचे जाण्याची भीती होती), पण दुष्काळी पट्ट्यातला हा दाबही होता.

कराड तालुक्यातील टेंभू येथून आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून सांगोल्यापर्यंत आणण्याच्या योजना हे या लढ्याचे फळ. पाणी शेवटच्या टोकाला यायला दशके लागली. निधी अडला, पंपगृहे तयार असून कालवे अपुरे राहिले, वीजबिल थकल्याने पंप बंद पडले. सांगोला या योजनांच्या शेपटाला आहे. शेपटाला असलेल्या गावांना आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) शेवटी मिळते आणि तुटले तर आधी त्यांचेच तुटते. म्हणूनच गणपतरावांचे काम योजना मंजूर झाल्यावर संपले नाही. मंजूर पाणी दरवर्षी सुटावे यासाठी नव्वदीच्या घरातला माणूस अधिकाऱ्यांसोबत बैठका घेत होता. पिण्याच्या पाण्यासाठी शिरभावी येथून चालणारी, ८१ गावांची म्हणून ओळखली जाणारी प्रादेशिक योजनाही तालुक्यात त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

सहकार आणि साधेपणा

सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी गणपतरावांनी उभी केली. महाराष्ट्रातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडून बंद पडल्या, त्या काळात ही चालू राहिली आणि पुढे महिलांच्या सूतगिरणीचाही विस्तार झाला. सहकार ही आमदाराची खासगी दौलत होऊ शकते, हे राज्याने वारंवार पाहिले आहे. सांगोल्यात तसे झाले नाही, असे त्यांचे विरोधकही मानत.

त्यांच्या साधेपणाच्या गोष्टी फार सांगितल्या जातात, त्यांपैकी एसटीची गोष्ट सर्वांत पक्की. एसटीच्या गाडीत लोकप्रतिनिधींसाठी एक आसन राखीव असते. तशी पाटीही त्यावर असते. बहुतेक वेळा त्यावर दुसरेच कोणी बसलेले असते, कारण आमदार एसटीने येत नाहीत. गणपतराव सांगोल्याहून प्रवासाला एसटी वापरत, पिशवी घेऊन स्टँडवर उभे राहत. या गोष्टीकडे केवळ कौतुकाने पाहणे पुरेसे नाही. स्टँडवर उभ्या असलेल्या आमदाराला भेटायला चिठ्ठी लागत नाही. ज्या तालुक्यात माणसांची कामे सातबारा, हजेरीपत्रक आणि टँकर यांत अडकलेली असतात, तिथे असे सहज गाठता येणे हेच राजकीय भांडवल होते. मतदारसंघात धनगर समाजाची संख्या मोठी आहे आणि गणपतराव त्याच समाजाचे. त्यांच्या यशाचा हा एक आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र जातीच्या गणितावर एवढी वर्षे निघत नाहीत. इतर समाजांची मते सातत्याने मिळाल्याशिवाय हे शक्य नव्हते.

पराभव, पुनरागमन आणि दुसरे मंत्रिपद

१९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. वय अडुसष्ट होते, पक्ष सहा आमदारांवर आला होता. थांबायला निमित्त पुरेसे होते. पाणी परिषदांचे काम चालू ठेवून ते १९९९ मध्ये परत निवडून आले. त्या वर्षी विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात शेकाप सामील झाला आणि गणपतरावांकडे पणन व रोजगार हमी ही खाती आली. २००२ मध्ये रायगड जिल्ह्यात राष्ट्रवादी काँग्रेसशी वाद विकोपाला गेल्यावर शेकापने सरकार सोडले आणि त्यांनीही मंत्रिपद सोडले. रायगडचे भांडण सांगोल्याचे नव्हते. पक्षाचा निर्णय म्हणून त्यांनी तो पाळला. पक्षांतराला राजमान्यता मिळालेल्या काळात ही गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे.

पक्षाची घसरण मात्र ते थांबवू शकले नाहीत. १९७८ मध्ये शेकापचे तेरा आमदार होते. १९९९ मध्ये पाच, २००४ मध्ये दोन, २०१४ मध्ये तीन. रायगड आणि सांगोला ही दोन बेटे उरली. गणपतरावांनी तालुका घट्ट बांधला, तरी त्या बळावर शेजारच्या तालुक्यांत शेकाप उभा राहिला नाही. तेरा तालुक्यांची पाण्याची चळवळ हाताशी असूनही तिचे मतांत रूपांतर झाले नाही, ही त्यांच्या राजकारणाची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. चळवळीत सर्व पक्षांचे लोक असल्याने तिला पक्षाच्या दावणीला बांधायचे नाही, हे त्यामागचे भान होते. त्याची किंमत पक्षाने मोजली.

अखेरचा काळ आणि नंतर

२०१४ मध्ये, ८८ व्या वर्षी, त्यांनी शिवसेनेतर्फे उभ्या असलेल्या शहाजीबापूंना सुमारे पंचवीस हजार मतांनी हरवले. २०१९ मध्ये वय आणि प्रकृतीमुळे ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना शेकापने उमेदवारी दिली आणि शहाजीबापूंनी ती जागा ७६८ मतांनी घेतली. घराणेशाहीपासून लांब राहिलेल्या नेत्याच्या पक्षाला वारस घरातच शोधावा लागला, यातून स्थानिक संघटनेत दुसरी फळी किती पातळ होती हे दिसते.

३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे त्यांचे निधन झाले. सांगोल्यात सूतगिरणीच्या आवारात शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. २०२४ च्या निवडणुकीत दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा सुमारे पंचवीस हजार मतांनी पराभव करून सांगोला शेकापकडे परत आणले. २८८ सदस्यांच्या त्या सभागृहात पक्षाचा निवडून आलेला हा एकमेव आमदार होता.