सप्रयोग व्याख्यान

सप्रयोग व्याख्यान : श्रोत्यांसमोर प्रयोग करीत विज्ञानातील विषय मांडण्याची पद्धत. 'प्रात्यक्षिक व्याख्यान' असेही म्हणतात. मराठीत हा शब्द संगीताच्या संदर्भात अधिक रुळला आहे. रागाचे चलन समजावून सांगताना गायक मध्येच गाऊन दाखवतो आणि पुन्हा बोलू लागतो, त्या बैठकीला सप्रयोग व्याख्यान म्हणतात. विज्ञानातही अर्थ हाच घ्यावा. बोलणे संपल्यावर शेवटी उरकलेले प्रयोग, किंवा प्रयोगांची मांडामांड चालू असताना वेळ भरून काढण्यासाठी केलेले निवेदन, यांना ही संज्ञा लावणे योग्य नाही.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. पादुआ विद्यापीठात १५९४–९५च्या सुमारास शवविच्छेदनासाठी कायमचे प्रेक्षागृह उभारले गेले. नरसाळ्यासारखे खाली निमुळते होत जाणारे, वरच्या रांगेतूनही मधले टेबल दिसेल अशा बेताने बांधलेले हे दालन काही अभ्यासक उगमस्थान मानतात. इतर काही जण लंडनच्या रॉयल सोसायटीकडे बोट दाखवतात. तेथे १६६२मध्ये रॉबर्ट हुक यांच्याकडे सभांमध्ये प्रयोग करून दाखवण्याचे काम सोपवण्यात आले. मात्र पादुआचे प्रेक्षक मुख्यतः वैद्यकाचे विद्यार्थी होते आणि रॉयल सोसायटीचे सभासद स्वतः विज्ञानात रस घेणारे, एकमेकांचे काम तपासणारे लोक होते. केवळ कुतूहलापोटी पैसे मोजून आलेला, विषयाची पूर्वतयारी नसलेला श्रोता या पद्धतीच्या केंद्रस्थानी असतो. असा श्रोता अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये फ्रान्सिस हॉक्सबी, जॉन देसाग्युलिए आदींनी चालवलेल्या सशुल्क व्याख्यानवर्गांत प्रथम ठळकपणे दिसतो. म्हणून आरंभ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रॉयल इन्स्टिट्यूशन : पद्धतीला आजचे रूप आले ते लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरील या संस्थेत (स्थापना १७९९). रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही १८०१मध्ये येथे रुजू झाले. त्यांच्या व्याख्यानांना इतक्या घोडागाड्या लोटत की तो रस्ता एकदिशा करावा लागला, असे सांगितले जाते. लंडनमधला हा पहिला एकदिशा मार्ग होता, ही त्याला जोडली जाणारी पुस्ती मात्र जपून घ्यावी.

डेव्हींच्या १८१२मधील चार व्याख्यानांना मायकेल फॅरेडे (१७९१–१८६७) हा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार मिळालेल्या तिकिटांवर जाऊन बसला. त्याने काढलेली टिपणे स्वच्छ लिहून, बांधून डेव्हींकडे पाठवली आणि मार्च १८१३मध्ये तो संस्थेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बेंजामिन अ‍ॅबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने व्याख्यान कसे असावे याचा सविस्तर विचार केला आहे. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता आणि व्याख्याता म्हणून अजून उभाही राहिला नव्हता. तरीही सप्रयोग व्याख्यानावरचे याहून उपयुक्त लिखाण क्वचितच सापडेल. सभागृहात हवा खेळती आहे का, श्रोत्यांना येण्याजाण्याची वाट सोयीची आहे का, इथपासून तो सुरुवात करतो. वक्त्याने घाई करू नये, श्रोत्यांकडे पाठ करू नये, क्षमायाचना होता होईल तो टाळावी, एक तास कोणालाही पुरेसा आहे, अशी त्याची निरीक्षणे आहेत. आरंभी पेटवलेली ज्योत अखेरपर्यंत तेवत ठेवावी, म्हणजे श्रोत्यांचे लक्ष एकदाही विझू देऊ नये, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही सारी निरीक्षणे ऐकणाऱ्याच्या बाकावरून केलेली आहेत, हे त्यांचे खरे बळ.

पुढे फॅरेडे यांनी वक्तृत्वाचे रीतसर धडे घेतले. व्याख्यानाच्या भरात गती वाढू लागली की समोर 'सावकाश' असे लिहिलेले कार्ड ठेवण्याची सूचना त्यांनी सहकाऱ्याला दिलेली असे. हातातला दगड सोडला की तो खाली पडतो, एवढे साधे विधान करायचे असले तरी मूठ उघडून दगड पाडून दाखवावा, कारण कानाशी बोलताना डोळ्यालाही सांगितले पाहिजे, असा सल्ला त्यांनी एका तरुण व्याख्यात्याला दिल्याची आठवण नोंदलेली आहे.

संस्थेची शुक्रवारची सायंव्याख्याने आणि नाताळातील मुलांसाठीची व्याख्याने १८२५च्या सुमारास सुरू झाली. नाताळच्या १९ मालिका १८२७ ते १८६० या काळात एकट्या फॅरेडे यांनी दिल्या. मेणबत्तीवरील त्यांच्या मालिकेचे विल्यम क्रुक्स यांनी संपादित केलेले पुस्तक १८६१मध्ये निघाले. त्यातला एक प्रयोग नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. मेणबत्ती अलगद फुंकर घालून विझवायची. वातीतून पांढुरक्या धुराची रेघ वर चढते. पेटती काडी वातीपासून दोन-तीन इंच दूर, त्या रेघेत धरायची. आग रेघेवरून धावत खाली येते आणि वात पुन्हा पेटते, काडी वातीला टेकत नाही. मेण वितळते, वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि जळते ती वाफ, हे सांगायला चार वाक्ये लागतात. ते पाहायला सेकंदही लागत नाही. त्यातही हवेचा झोत आला तर रेघ मोडते आणि प्रयोग फसतो, हे फॅरेडे श्रोत्यांना बजावतात. हाच प्रयोग घरी करून पाहणाऱ्याला फसण्याचे कारणही कळावे, ही त्यांची कळकळ त्यातून दिसते.

व्हीट्स्टन आख्यायिका : शुक्रवारच्या व्याख्यानाचे काही संकेत आहेत. वक्त्याची ओळख करून दिली जात नाही, तो घड्याळाच्या ठोक्याला आत येतो, थेट विषयाला हात घालतो आणि तासाच्या ठोक्याला थांबतो. व्याख्यानापूर्वी दहा मिनिटे त्याला खोलीत कोंडून ठेवण्याची प्रथाही सांगितली जाते. तिचे कारण असे देतात की १८४६मध्ये भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हीट्स्टन ऐन वेळी घाबरून पळाले, फॅरेडे यांना त्यांच्या जागी उभे राहावे लागले आणि वेळ उरल्यामुळे त्यांनी प्रकाशाच्या स्वरूपाविषयीचे आपले धाडसी विचार, 'किरणकंपने', बोलून दाखवले.

ही कथा जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे. रिचर्ड फिलिप्स यांना १५ एप्रिल १८४६ रोजी लिहिलेल्या पत्रात फॅरेडे स्वतः म्हणतात की, शुक्रवारच्या मागील सभेत व्हीट्स्टन यांच्या विद्युतचुंबकीय कालमापकाचे वर्णन केल्यावर शेवटी त्यांनी हे विचार मांडले. व्हीट्स्टन यांचे नाव कथेत येथूनच शिरले असावे. व्याख्यानाची तारीख काही ठिकाणी १० एप्रिल दिलेली आढळते. परंतु त्या वर्षी १० एप्रिलला गुड फ्रायडे होता, त्यामुळे ३ एप्रिल हीच तारीख ग्राह्य धरावी. संस्थेच्या इतिहासाचे अभ्यासक फ्रँक जेम्स यांच्या मते नियोजित वक्ते जेम्स नेपिअर हे होते आणि त्यांनी आपली अडचण आधीच कळवली होती. हे मत मान्य केल्यास फॅरेडे यांना तयारीला अवधी मिळाला होता आणि 'ऐन वेळी सुचलेले विचार' हा कथेचा भाग गळून पडतो. उत्तम व्याख्यान उत्स्फूर्त असते या समजाला या आख्यायिकेने फार खतपाणी घातले, म्हणून हा तपशील महत्त्वाचा. फॅरेडे यांच्या व्याख्यानांचा सहजपणा तालमीतून आलेला होता.

भारतात : महेंद्रलाल सरकार यांनी १८७६मध्ये कलकत्त्यात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापली, ती रॉयल इन्स्टिट्यूशनचा आदर्श समोर ठेवूनच. सेंट झेविअर्स कॉलेजचे फादर युजीन लाफाँ तेथे सप्रयोग व्याख्याने देत. जगदीशचंद्र बोस हे लाफाँ यांचे विद्यार्थी.

बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. लहरी भिंतींतून आणि नायब राज्यपालांच्या देहातून आरपार गेल्या, पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. या घटनेचे वर्ष १८९४ आणि १८९५ असे दोन्ही आढळते. नायब राज्यपाल मॅकेंझी होते असे वर्णनांत येते. परंतु अलेक्झांडर मॅकेंझी त्या पदावर आले ते डिसेंबर १८९५मध्ये, त्याआधी चार्ल्स एलियट होते. तेव्हा एकतर वर्ष पुढे सरकवावे लागते किंवा नाव बदलावे लागते. १८९४पेक्षा १८९५ची अखेर किंवा त्यानंतरचा काळ अधिक जुळतो, एवढेच म्हणता येते. बोस यांचे रॉयल इन्स्टिट्यूशनमधील पहिले शुक्रवारचे व्याख्यान २९ जानेवारी १८९७ रोजी विद्युतकिरणांच्या ध्रुवणावर (लहरींची कंपने एकाच प्रतलात आणण्यावर) झाले, याविषयी मात्र शंका नाही. त्यांची उपकरणे लहान, टेबलावर मावणारी असत. ध्रुवणासाठी त्यांनी वापरलेल्या साधनांत ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रकही होते, पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेले.

तंत्र : शेवटच्या रांगेला दिसेल एवढे उपकरण मोठे असावे, मागचा पडदा एकरंगी असावा, प्रत्येक प्रयोगाची त्याच जागेवर तालीम झालेली असावी, हे सर्वमान्य आहे. खरा वाद आहे तो प्रयोग पाहून श्रोता शिकतो का, याविषयी. हार्वर्डमध्ये कॅथरिन क्राउच, एरिक मझूर व सहकारी यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसता प्रयोग पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वाढलेली दिसली नाही. काय होईल याचा अंदाज आधी नोंदवलेल्यांची वाढली. उभे धरलेले दोन कागद आणि त्यांच्यामधून मारलेली फुंकर हे साधे उदाहरण घ्यावे. कागद दूर जातील असे बहुतेकांना वाटते, ते जवळ येतात. आधी विचारले नाही तर हे नुसते पाहणे होते. विचारले तर श्रोत्याचा स्वतःचा अंदाज पणाला लागतो, आणि मग स्पष्टीकरण ऐकायला तो स्वतःहून पुढे झुकतो.

प्रयोग लहान असला तरी चालतो, याचे प्रसिद्ध उदाहरण व्याख्यानमंचाबाहेरचे आहे. चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या चौकशीत ११ फेब्रुवारी १९८६ रोजी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अग्निबाणाच्या जोडांतील रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. चिमटा सैल केल्यावर रबर लगेच पूर्ववत होईना. थंडीत कड्याची लवचीकता जाते, हे त्या पेल्याने सर्वांना दाखवले.

चित्रे दाखवण्याची साधने जादूच्या कंदिलापासून पॉवरपॉइंटपर्यंत (१९८७) बदलत आली. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास अशाच कंदिलाला 'शांबरिक खरोलिका' हे नाव देऊन पौराणिक कथांचे खेळ केले. सरकचित्रांनी व्याख्यान सोपे केले आणि प्रयोगाचे टेबल मंचावरून हलवले. चलच्चित्रातला प्रयोग फसू शकत नाही, म्हणून तो पाहताना श्रोता श्वास रोखत नाही, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

महाराष्ट्रात : व्याख्यानमालांची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ असा मानतात. तिचा भर वक्तृत्वावर राहिला. मराठीतून विज्ञान सांगण्याचे काम मराठी विज्ञान परिषदेने (स्थापना १९६६, मुंबई) हाती घेतले. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील शाळकरी मुलांसाठीची दुसऱ्या शनिवारची व्याख्याने परिचित आहेत. येथील हवामानाची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते : पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, दमट हवेमुळे काचकांडीवरचा विद्युतभार टिकत नाही आणि कागदाचे कपटे उचललेच जात नाहीत. स्थिरविद्युतीचा विषय डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवणे सोयीचे पडते.