परतीची गाडी आधी विचारा
(नागपूरहून एस.टी., रेल्वे आणि मेट्रोने एका दिवसात जाऊन येणाऱ्या विद्यार्थी ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

शनिवारी संध्याकाळी आमच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो. "काका, रामटेकला सकाळी किती वाजता बस आहे?" रामटेकच्या जागी कधी सेवाग्राम असतं, कधी आदासा. खरं सांगायचं तर सकाळच्या बसची काळजी करायचं काही कारणच नाही. एक चुकली तर दुसरी मिळते आणि कुठलीच मिळाली नाही तर चौकात तर्री-पोहे खाऊन हॉस्टेलवर परत. अडचण होते ती संध्याकाळी. साडेसातच्या सुमारास फोन वाजतो, "काका, इथून आता बसच नाही म्हणून राहिले, एखादी गाडी पाठवता का?"

आमचं दुकान झेरॉक्सचं, तिकिटांचं आणि डब्यांचं. आमच्याकडे गाडी नाही. ओळखीच्या कुणाला पाठवलं तरी तो रिकामा जाणार आणि तुम्हाला घेऊन येणार, म्हणजे दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्याच अंगावर. स्वस्तात जाऊन यायचं म्हणून निघालेली सहल मग महिन्याच्या मेसच्या पैशांना हात घालते. म्हणून हा कागद छापला. जाण्या-येण्याच्या गाड्यांच्या वेळा आम्ही ज्यावर लिहून देतो त्या सहलीच्या चिठ्ठीसोबत तो फुकट मिळतो.

मुक्कामी गाडीचा घोळ

मोबाइलवर किंवा स्थानकाच्या फलकावर "नागपूर ते अमुक गाव, सायंकाळी सहा" असं दिसलं की बहुतेकांचा हिशेब ठरलेला असतो. गाडी सात-साडेसातला गावात पोचेल आणि तीच पलटून नागपूरला येईल. ती येत नाही. आडगावाला जाणारी दिवसाची शेवटची बस बहुधा मुक्कामी असते. चालक-वाहक रात्री तिथेच झोपतात आणि पहाटे गावातल्या लोकांना घेऊन निघतात. गावकऱ्यांच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. त्यांना सकाळी तालुक्याला किंवा नागपूरला यायचं असतं आणि दिवेलागणीला घरी जायचं असतं. आपला प्रवास नेमका उलटा, त्यामुळे शहराकडे येणारी शेवटची बस आपल्या अंदाजाच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते.

दुसरा घोळ रविवारचा. खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळांवर बांधलेल्या असतात. मुलींसाठीच्या मानव विकासच्या बसगाड्याही त्यातच आल्या. रविवारी आणि सुट्टीत त्या फेऱ्या नसतात, आणि तुम्ही नेमके रविवारी निघता. मित्र गेल्या बुधवारी गेला होता, त्याला पाचची बस मिळाली, म्हणून तुम्हालाही मिळेल असं धरू नका.

यावर उपाय साधा आहे, पण तो उतरल्या उतरल्याच करायचा. देवळाकडे, किल्ल्याकडे, तळ्याकडे पाय वळण्याआधी स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रकाला विचारा की नागपूरकडची शेवटची गाडी कोणती, तिच्या आधीची कोणती, आणि आज रविवार असून ती आहे का. "शेवटची कधी?" एवढंच विचारलं तर तेवढंच उत्तर मिळतं. खिडकी नसलेल्या गावात ज्या बसने आलात तिच्या वाहकालाच विचारा, "परत कधी येता?" तो सगळ्यात खात्रीचा माणूस, कारण गाडी त्याचीच आहे. थांब्याजवळच्या पानठेल्यावर एकदा ताडून पाहिलं की झालं.

आणि बेत आखायचा तो शेवटून दुसऱ्या गाडीवर. आमच्या चिठ्ठीत ती वेळ ठळक लिहिलेली असते आणि शेवटची गाडी खाली बारीक अक्षरात. यावरून आमच्याशी वाद घालणारे बरेच आहेत. "काका, तुमच्यामुळे दीड तास कमी मिळाला." मिळाला असेल. पण शेवटची गाडी रद्द झाली, वाटेत बंद पडली किंवा आधीच्या गावाहूनच खचाखच भरून आली तर तिच्यामागे काहीच नाही. शेवटून दुसरी चुकली तर शेवटची उरते. हा दीड तास आम्ही कमी करत नाही, तो तुमच्या खिशातच ठेवतो. तिथे पोचून चौकशी करून तुम्ही तो खर्च केलात तरी आमची काही हरकत नाही.

"मोबाइलवर सगळं असताना चिठ्ठीचे तीस रुपये कशाला?" हेही रोजचंच. मोबाइलवर छापील वेळापत्रक असतं, आणि तेही सगळ्या फेऱ्यांचं नसतं. आमचा मुलगा आदल्या संध्याकाळी गणेशपेठच्या स्थानकावर जाऊन विचारून येतो. तीस रुपये त्या फेरीचे. गट कितीही मोठा असला तरी चिठ्ठी एकच लागते, आणि आमच्याकडून डबे घेतले तर चिठ्ठीचे पैसे घेत नाही.

कुठे जावं

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही डोळे झाकून पवनार-सेवाग्राम सांगतो. कारण एकच, परतीची चिंता सगळ्यात कमी. वर्धा हे जिल्ह्याचं ठिकाण, बसगाड्या भरपूर, आणि बस गेली तरी रेल्वे आहे. जाताना वर्ध्याची साधी बस धरा. बुटीबोरी, केळझर, सेलू करत ती पवनारवरून जाते. विनाथांबा गाडी पवनारला थांबेलच असं नाही, म्हणून चढण्याआधी वाहकाला विचारून घ्या. पवनारला धाम नदीच्या काठावर विनोबांचा परमधाम आश्रम आहे. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसायला हवं, तेवढा वेळ धरूनच निघा. तिथून वर्धा आणि मग सेवाग्राम.

गांधीजी 1936 साली इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव 1940 पासूनचं. त्यांच्या आश्रमातली आदि निवास, बा कुटी, बापू कुटी पाहायला फार वेळ लागत नाही असं बाहेरून वाटतं. पण आत गेलं की पोरं रेंगाळतात, आणि रेंगाळण्यासारखंच आहे. शेणामातीच्या भिंती, साप न मारता धरायचा लाकडी चिमटा, त्याला ठेवायचा पिंजरा, आणि व्हाइसरॉयने थेट बोलता यावं म्हणून बसवून दिलेला टेलिफोन, सगळं त्या साध्या कौलारू घरांत. संध्याकाळी प्रार्थना असते. तिला थांबायचं असेल तर बसचा नाद सोडून रेल्वेनेच या. चिठ्ठी घेताना "प्रार्थनेला थांबणार" एवढं सांगा, आम्ही त्याप्रमाणे गाड्या लिहून देतो. वर्ध्यात वेळ मिळाला तर गोरसपाक घ्या. आमच्यासाठी आणलात तर नाही म्हणणार नाही.

इथे स्टेशनची एक गफलत होते. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या वर्ध्याला जातात, पण बल्लारशाह-चेन्नईकडच्या सेवाग्राम स्टेशनवरूनच वळतात. सेवाग्राम स्टेशनचं जुनं नाव वर्धा पूर्व. परतीला नुसतं "वर्ध्याहून गाडी आहे" म्हणून भागत नाही, कोणत्या स्टेशनवरून आहे ते पाहा. आश्रमापासून दोन्ही स्टेशनं चालत जाण्याइतकी जवळ नाहीत, तेव्हा ऑटोचा वेळ धरा.

रेल्वे बसच्या निम्म्याहून कमी पैशांत होते, पण जनरल तिकिटाचे दोन नियम लक्षात असू द्या. साध्या एक्स्प्रेसचं तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये चढू नका, तिचा अधिभार वेगळा असतो आणि तपासनीस सोडत नाही. विनातिकीट सापडलात तर भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड. आणि संध्याकाळचं तिकीट सकाळीच काढून ठेवू नका. 199 किलोमीटरपर्यंतचं जनरल तिकीट काढलं की साधारण तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. मोबाइलवर तिकीट काढणारे हमखास इथे फसतात.

रामटेक सगळ्यांच्या आवडीचं. कामठी, कन्हान, मनसर करत बस जाते. इतवारीहून रामटेकला रेल्वेही आहे, स्वस्त आहे, पण फेऱ्या मोजक्या, म्हणून ती एकाच बाजूला वापरा. गडावर रामाचं मंदिर, वाकाटक काळातली नरसिंहाची मंदिरं, कालिदास स्मारक, पायथ्याला अंबाळा तलाव. इतिहासाचे विद्यार्थी असाल तर मनसरचं उत्खनन आणि नगरधनचा किल्लाही बघावासा वाटेल, पण एका दिवसात बसने तिन्ही ठिकाणं करू म्हणाल तर एकही धड होणार नाही. गड आणि मनसर जमतं. नगरधनसाठी वेगळा रविवार ठेवा.

खिंडसी तलावाला जायचं तर रामटेकहून ऑटो करावा लागतो. थांबण्यासकट जाऊन-येऊन भाडं आधीच ठरवा, नाहीतर परतीला तो म्हणेल ते द्यावं लागेल. गडावरच्या वानरांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज बरोबर कळतो. वेफर्सचं पाकीट हातात धरून पायऱ्या चढू नका. आमचा डबा स्टीलचा आणि कापडी पिशवीत असतो, तो त्यासाठीच. डब्याची अनामत घेतो म्हणून कुरकुर होते, पण डबे परत येत नाहीत हा आमचा अनुभव आहे. एप्रिल-मेमध्ये रामटेक करायचंच असेल तर पहिल्या बसने जा आणि ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून घ्या.

रामटेकहून बस चुकलीच तर तिथे बसून राहू नका. मनसर जबलपूर-नागपूर महामार्गावर आहे. मिळेल त्या वाहनाने मनसरला या, तिकडून येणारी एखादी बस मिळू शकते. मिळू शकते, मिळेलच असं आम्ही लिहून देत नाही.

आदासा-धापेवाडा कळमेश्वरच्या बाजूला. आदाशाचा गणपती आणि विदर्भाचं पंढरपूर म्हणतात ते धापेवाड्याचं विठ्ठल मंदिर, दोन्ही एका दिवसात आरामात होतात. पण वर सांगितलेला मुक्कामी गाडीचा आणि रविवारचा घोळ सगळ्यात जास्त याच मार्गावर होतो. तेव्हा दुपारी लवकर निघा.

पैसे थोडे आणि वेळही थोडा असेल तर शहरातच मेट्रो पकडा. दीक्षाभूमी, अजब बंगला (म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय), झिरो माइल, आणि ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोने जाऊन पुढे कामठीचं ड्रॅगन पॅलेस. अजब बंगला आणि गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतात. कॉलेजची सुट्टी सोमवारी आली की हमखास तिथेच जाऊन कुलूप बघून येणारे आहेत.

ज्याला आम्ही नाही म्हणतो

चिखलदरा एका दिवसात बसने होत नाही, कुणी काहीही सांगो. ताडोब्याला बसने जाऊन वाघ दिसत नाही. आत जायला सफारीचं आरक्षण आणि जिप्सी लागते, मंगळवारी जंगल बंद, आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभ्यातला भाग बंद. नागभीडची छोटी गाडी अजून विचारतात. तो नॅरोगेज मार्ग मोठा करण्यासाठी 2019 सालीच बंद झाला.

पैशांचा हिशेब

साध्या एस.टी.चं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. 2025 च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर एका टप्प्याला साधारण दहा रुपये धरा. रामटेक पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे एका बाजूचे ऐंशी-नव्वद. वर्ध्याचे एकशेतीसच्या आसपास. शिवशाहीचं भाडं याहून जास्त. मुलींना 17 मार्च 2023 पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि शहरातल्या 'आपली बस' या सिटी बसमध्ये ही सवलत लागू नाही. मुलामुलींचा गट असेल तर वर्गणी सरसकट सारखी काढू नका, नंतर भांडणं आमच्या काउंटरवर येतात.

कॉलेजचा एस.टी. पास सहलीला चालत नाही. तो घर ते कॉलेज याच मार्गाचा असतो. वाहकाशी हुज्जत घालून काही उपयोग नाही, आणि बस उभी राहिली की बाकीचे प्रवासी तुमच्यावरच ओरडतात. सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइलवरून पैसे घेतात, पण घाटात आणि जंगलात रेंज जाते.

गणेशपेठला जायला मेट्रोचं कॉटन मार्केट स्टेशन सोयीचं. परत येताना मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते हे ध्यानात ठेवा. बस साडेनऊला गणेशपेठला लागली तर थेट स्टेशन गाठा, चहा हॉस्टेलवर.

डब्याची नोंद आदल्या रात्री आठपर्यंत. पोळ्या, सुकी भाजी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे असा साधा डबा रोज असतो. थंडीत रविवारी सांबारवडी मिळते, तिच्यासाठी मात्र संध्याकाळी सहाच्या आत सांगा, कोथिंबीर बाजारातून आणावी लागते. दुकान सकाळी पावणेसहाला उघडतं. चिठ्ठी आणि डबा एकदमच घेऊन जा. अनामत डबा धुऊन आणल्यावर परत.