आत्याची बोटं, आत्याचं डोकं

परभणीला आमची आत्या असते, तिला बारा-तेरा वर्षं झाली आमवात आहे, डॉक्टरांच्या कागदावर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तासभर बोटं वळतच नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिते. पण जास्त त्रास कशाचा विचारलं तर म्हणते, "बोटाचं सोड रे, डोकं लई ठणकायलंय." मग खिडकीला चादर, डोक्याला फडकं करकचून बांधलेलं, अन् दोन दिवस कुणी आवाज करायचा नाही. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन.

आम्ही सगळे हे दोन वेगळे आजार धरून चाललो होतो. पण आमवात नुसता सांध्यांचा नसतो, प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते अन् टीएनएफ, इंटरल्युकिन-6 असली सूज वाढवणारी प्रोटीनं रक्तात फिरत राहतात. मायग्रेनमध्ये चेहऱ्या-डोक्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं, मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नस हुळहुळी होते. अंगात कायमची सूज असली की ही नस आधीच चिडलेली राहते असा संशोधकांचा अंदाज आहे. मायग्रेन बायकांना पुरुषांच्या साधारण तिप्पट, आमवातही बायकांनाच जास्त, म्हणून दोन्ही एकाच घरात, एकाच बाईत सापडणं नवल नाही. वर परभणीचं मे मधलं ऊन, अन् संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत उपाशी. भुकेनं मायग्रेन उठतं हे तिला मान्यच नाही.

खरी गोची मात्र गोळ्यांची आहे. साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की तीच गोळी डोकेदुखी वाढवायला लागते, अन् हे होतं ते मुख्यतः आधीपासून मायग्रेन असणाऱ्यांनाच. म्हणजे शेजारच्या काकू गुडघ्यासाठी रोज गोळी घेऊन ठणठणीत, अन् आत्या बोटांसाठी तीच गोळी घेऊन अंधारात पडलेली! तिनं सांध्याची गोळी कधी डोक्याच्या हिशोबात धरलीच नव्हती, आम्ही कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या तर एका महिन्यात 22 निघाल्या.

तो कागद डॉक्टरांना दाखवला. आमवाताचं मूळ औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट, ती तशीच ठेवली (ती आपल्या मनानं बंद करायची नाही), पेनकिलर तोडली, अन् मायग्रेन येऊच नये म्हणून वेगळी गोळी दिली. पेनकिलर तोडली की सुरुवातीला डोकं उलट जास्त दुखतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, तरी चौथ्या दिवशी आत्याचा फोन, "तुझ्या त्या खुणांच्या नादानं मेले मी."