संप्रेरक उपचार आणि दिवसाची वेळ

बाहेरून दिलेल्या संप्रेरकाचा शरीरावर होणारा परिणाम जसा मात्रेवर, तसाच ते दिवसाच्या कोणत्या वेळी दिले यावरही अवलंबून असतो. याचे मूळ शरीराच्या दैनिक लयीत आहे. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशींचा एक लहानसा पुंज दृष्टिपटलाकडून उजेडाची वर्दी घेतो आणि सर्व अवयवांची घड्याळे जुळवत राहतो. शास्त्रज्ञ फ्रान्झ हाल्बर्ग यांनी १९५९ मध्ये या लयीला ‘सर्केडियन’ हे नाव दिले. ती पेशीत कशी चालते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेळेचे महत्त्व सर्वांत ठळक दिसते ते मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकामध्ये. रक्तातील त्याची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असते, पहाटे चढू लागते आणि जाग येण्याच्या वेळी शिखर गाठते. अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातील कॉर्टिसॉल) देताना हाच चढउतार गिरवायचा असतो. म्हणून दिवसाचे १५ ते २५ मिलिग्रॅम दोन-तीन भागांत विभागून सर्वांत मोठा भाग उठल्याबरोबर देतात, तर शेवटचा झोपेच्या काही तास आधी. औषधाची अर्धायू (रक्तातील पातळी निम्मी होण्याचा काळ) जेमतेम दीड तासाची, त्यामुळे उठण्यापूर्वीची पहाट कोरडीच जाते. पुष्कळ रुग्णांना सकाळी जाणवणाऱ्या गळाठ्यामागे हे एक कारण असते. उलट संध्याकाळी जास्त औषध पडले तर झोप उडते आणि रक्तातील साखर बिघडू शकते.

प्रश्न केवळ रक्तातील पातळीचा नाही. पेशीतील कॉर्टिसॉलच्या ग्राहीवरही (ते ज्याला चिकटून काम करते त्या प्रथिनावर) दैनिक लय चालवणाऱ्या घड्याळ-प्रथिनांचा अंमल चालतो. सकाळी ग्राहीची संवेदनक्षमता कमी, तर रात्री जास्त असते. तेव्हा रात्रीची मात्रा ‘तेवढीच’ असूनही तेवढीच राहत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. रात्री घेतलेले स्टेरॉइड (कॉर्टिसॉलसारखे औषध) शरीराची स्वतःची पहाटेची कॉर्टिसॉल-निर्मितीही अधिक दाबते, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहसा सकाळी देतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात मात्र सांधे आखडवणारी दाहद्रव्ये पहाटे वाढतात. त्यासाठी रात्री दहाच्या सुमारास घेऊन चारेक तासांनी विरघळणारी प्रेडनिसोन या तशाच स्टेरॉइडची गोळी तयार करण्यात आली. तिने सकाळचा ताठरपणा कमी होतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

थायरॉक्सिन या थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाची गोष्ट वेगळी. त्याची अर्धायू सुमारे सात दिवसांची, त्यामुळे रक्तातील पातळी दिवसभर फारशी हलत नाही. ‘सकाळी उपाशीपोटी’ या सूचनेचा संबंध घड्याळापेक्षा जठराशी आहे: अन्न, कॅल्शियम आणि लोह औषधाचे शोषण अडवतात. जेवणानंतर पुरेसा वेळ सोडून झोपताना घेतलेली गोळीही चांगले काम करते, हे २०१० मधील एका चाचणीने दाखवले.

वाढ संप्रेरक गाढ झोपेत स्रवते, म्हणून त्याचे इंजेक्शन संध्याकाळी किंवा झोपण्यापूर्वी देतात. तरुण पुरुषांत टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते. तपासणीसाठी रक्तही सकाळीच घ्यावे लागते. मेलाटोनिन हे रात्री स्रवणारे संप्रेरक तर खुद्द घड्याळालाच हलवते. संध्याकाळी घेतले तर झोपेची वेळ अलीकडे येते, सकाळी घेतले तर पुढे ढकलली जाते.

रात्रपाळी करणाऱ्यांच्या बाबतीत ‘सकाळ’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. हायड्रोकॉर्टिसोनची पहिली मात्रा सूर्योदयाला नव्हे, तर त्या व्यक्तीच्या जागे होण्याला बांधलेली असते.