सदिशाला सदिशाने भागता येत नाही?

हे वाक्य आपण सगळ्यांनीच घोकलंय. (सदिश म्हणजे व्हेक्टर: लांबी आणि दिशा दोन्ही असलेली राशी.) पण खोट भागाकारात नाही, गुणाकारात आहे. बलाचं आघूर्ण, म्हणजे त्याचा फिरवण्याचा परिणाम, हा स्थिती सदिश (बल लागतं त्या बिंदूपर्यंतचा सदिश) आणि बल यांचा सदिश गुणाकार. आघूर्ण आणि स्थिती सदिश माहीत असले तरी बल एकमेव ठरत नाही. सदिश गुणाकार (ज्याचं उत्तर सदिश येतं) समांतर घटक गिळून टाकतो, अदिश गुणाकार (ज्याचं उत्तर नुसती संख्या येते) लंब घटक. गिळलेलं परत कुठून आणणार?

गणितज्ञ हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेल्या क्वाटर्नियनांत, म्हणजे चार घटकांच्या संख्यांत, असं काही हरवत नाही. तिथे दोन सदिशांचा भागाकार म्हणजे एकाला दुसऱ्यावर नेणारी क्रिया: इतकं फिरवा, इतकं ताणा. गणितज्ञ क्लिफर्डच्या बीजगणितातही सदिशाचा व्यस्त (ज्याने गुणल्यावर १ येतो) मिळतो, सदिश भागिले त्याच्या लांबीचा वर्ग. मात्र सापेक्षतेत प्रकाशाच्या मार्गावरच्या सदिशाची अवकाश-काळातली लांबी शून्य असते. त्याने भागणं खरोखरच अशक्य!